मुलांना नवी पुस्तकं सुचवायची कशी

‘अकरा वर्षांच्या मुलीसाठी एखादं छान पुस्तक सांगा ना.’ तुम्हाला वाचनाची आवड आहे हे चार लोकांना कळलं की हा प्रश्न येणारच. बहुतेक जण आपल्या लहानपणच्या लाडक्या पुस्तकाचं नाव सांगून मोकळे होतात. पुस्तक चांगलंच असतं. पण त्या मुलीबद्दल ‘अकरा’ या आकड्यापलीकडे काही विचारलेलं नसतं आणि गेल्या पाच-दहा वर्षांत काय नवं आलंय याचा सांगणाऱ्यालाही पत्ता नसतो. मग पुस्तक घरी येतं, सातव्या पानावर कोपरा मुडपला जातो आणि ते कपाटात जातं. खापर मात्र मुलीवर फुटतं: ‘हल्लीची मुलं वाचतच नाहीत.’

पुस्तक सुचवणं हे शिंप्याच्या कामासारखं आहे. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही.

आधी माप

‘तुला कसली पुस्तकं आवडतात?’ असं विचारू नका. वाचायची सवय असलेलं मूलच याचं उत्तर देऊ शकतं, बाकीची खांदे उडवतात. बोलणं असं काढून बघा:

‘शेवटचं कुठलं पुस्तक पूर्ण वाचलंस?’
‘आठवत नाही.’
‘बरं, अर्धवट सोडलेलं?’
‘एक होतं. नुसती वर्णनं. काही घडतच नव्हतं.’
‘आणि बघायला काय आवडतं?’
‘ते कोडी सोडवून खोलीतून बाहेर पडतात ना, तसले व्हिडिओ.’

एवढ्याशा बोलण्यातून बरंच हाती लागतं. घटना भराभर हव्यात, प्रकरणं छोटी हवीत, शोध किंवा कोडं असेल तर गोष्ट पकड घेईल. सोडलेल्या पुस्तकाचा प्रश्न सगळ्यांत कामाचा. आवडतं पुस्तक सांगताना मुलं बऱ्याचदा मोठ्यांना बरं वाटेल असं नाव घेतात, नावडतं सांगताना मात्र खरं बोलतात.

मूल समोर नसेल आणि आई-बाबाच विचारत असतील, तर त्यांना एवढंच विचारा: कुणी सांगितलेलं नसताना ते काय उचलून वाचतं? ‘क्रिकेटचे आकडे’, ‘खेळण्याच्या डब्यावरच्या सूचना’, ‘काहीच नाही’ ही सगळी चालणारी उत्तरं आहेत. पुस्तक मूल स्वतः वाचणार की कुणी वाचून दाखवणार, हेही तेव्हाच विचारून घ्या, कारण त्यावर पुस्तक बदलतं. स्वतः वाचताना जे जड जातं, ते ऐकताना मुलांना सहज समजतं. शाळेची बरीच वर्षं हे अंतर राहतं. म्हणून आठ वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायला अकराव्या वर्षाचं पुस्तक खुशाल घ्या.

वय, पातळी आणि गोडी या तीन वेगळ्या गोष्टी

नवखे लोक इथे हमखास घसरतात. चौदा वर्षांच्या मुलाची वाचनाची पातळी आठ वर्षांची असू शकते, पण त्याची गोडी चौदाचीच असते. त्याच्या हाती सशाच्या गोष्टीचं पुस्तक दिलं तर तो ते मित्रांसमोर उघडणारच नाही. त्याला हवं असतं छोट्या वाक्यांचं, मोठ्या टायपाचं, शंभरेक पानांचं पुस्तक, ज्याचा नायक पंधरा-सोळाचा आहे आणि ज्याचं मुखपृष्ठ बाकीच्या कुमार कादंबऱ्यांसारखंच दिसतं. उलट बाजूला, सात वर्षांची मुलगी जाडजूड कादंबरी फडाफडा वाचते म्हणून तिला प्रेमभंगाची गोष्ट देण्यात अर्थ नाही. शब्द कळतील, पण गोष्ट तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

एक साधा आडाखा लक्षात ठेवा: मुलांना आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलांबद्दल वाचायला आवडतं, लहानांबद्दल नाही. दहा वर्षांच्या मुलीला बारा-तेराची नायिका चालते, आठची ‘बेबी’ वाटते.

पातळी बघण्यासाठी पाच बोटांची युक्ती सोपी आहे. मुलाला मधलं कुठलंही एक पान मोठ्याने वाचू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. एखादं-दुसरं बोट दुमडलं तर पुस्तक सोपं, तीनपर्यंत ठीक, पाचही दुमडली तर सध्या जड. पानावर शंभरेक शब्द असतील तरच ही युक्ती कामाची. चार ओळींच्या चित्रपुस्तकावर ती चालत नाही.

देवनागरीत नुकतं वाचायला लागलेल्या मुलासाठी आणखी एक तपासणी करा: जोडाक्षरं. एका पानावर किती आहेत ते मोजा. त्यातही ‘सूर्य’मधला र, ‘चक्र’मधला र आणि ‘ट्रक’मधला र ही एकाच अक्षराची तीन रूपं नव्या वाचकाला तीन वेगळी अक्षरं वाटतात. ओळीच्या शेवटी तोडलेले शब्दही अडखळवतात. पुस्तकावर ‘वय ५ ते ७’ छापलेलं असतं आणि पहिल्याच पानावर ‘दुर्दैवाने’, ‘आश्चर्यचकित’ असे शब्द असतात. छापील वयावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका.

जाडीचा हिशेब

चित्रपुस्तक साधारणपणे बत्तीस पानांचं असतं. छपाईत सोळा पानांचा एक फॉर्मा, असे दोन. मजकूर बहुतेक वेळा हजार शब्दांच्या आत. त्यानंतरची छोट्या प्रकरणांची पुस्तकं पाच ते पंधरा हजार शब्दांची, आठ ते बारा वर्षांच्या मुलांच्या कादंबऱ्या पंचवीस ते पन्नास हजारांच्या आणि कुमारांच्या त्याहून मोठ्या. ही मापं इंग्रजी पुस्तकांवरून आलेली आहेत. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तीच गोष्ट कमी शब्दांत बसते.

शब्दसंख्या कुठे छापलेली नसते. एका भरलेल्या पानावरच्या ओळी मोजा, एका ओळीतले शब्द मोजा, गुणाकार करा आणि पानांनी गुणा. चित्रांची आणि कोरी पानं वगळा. मग वेळ काढा. मूल मिनिटाला शंभर शब्द वाचत असेल, तर चाळीस हजार शब्दांना चारशे मिनिटं लागतात. रोज वीस मिनिटं म्हणजे वीस दिवस. ज्याने आजवर एकही पुस्तक संपवलेलं नाही त्याच्यासाठी वीस दिवस फार झाले. त्याला आठवड्यात संपणारं द्या. पुस्तक संपवल्याचा आनंद एकदा मिळाला की पुढचं जाड पुस्तक तेवढं भीतिदायक वाटत नाही.

‘नवं’ म्हणजे कधीचं?

मुखपृष्ठ चकचकीत आहे म्हणजे पुस्तक नवं असं नाही. शीर्षकपानाच्या मागचं पान उघडा. तिथे ‘पहिली आवृत्ती’ आणि तिचं वर्ष असतं, खाली पुनर्मुद्रणांची वर्षं. तुम्हाला हवं ते पहिल्या आवृत्तीचं. इंग्रजी पुस्तकांत बऱ्याचदा १० ते १ अशा आकड्यांची एक ओळ असते. तिच्यातला सर्वांत लहान आकडा ही कितवी छपाई ते सांगतो. आयएसबीएनवरून, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या त्याच्या ओळख क्रमांकावरून, नवेपणा ठरवू नका. तेच पुस्तक पुठ्ठा बांधणीत आलं की त्याला वेगळा क्रमांक मिळतो आणि नुसतं पुनर्मुद्रण झालं तर जुनाच राहतो. २००७ पासून हे क्रमांक तेरा आकडी झाले, त्यामुळे फक्त दहा आकडी क्रमांक दिसला तर ती छपाई बहुधा त्याआधीची, एवढंच त्यातून कळतं.

अनुवादित पुस्तकाला दोन जन्मतारखा असतात, मूळ पुस्तकाची आणि अनुवादाची. दोन्ही बघा. अनुवाद गेल्या वर्षीचा आणि मूळ पुस्तक पन्नास वर्षांपूर्वीचं असं सर्रास असतं. त्यात वाईट काही नाही, फक्त ‘नवं’ म्हणून पुढे करू नका. आणि अनुवादकाचं नाव कुठेच छापलेलं नसेल तर चार पानं जास्त वाचून मगच ठरवा.

गेल्या तीन वर्षांतलं ते नवं, असं धरून चालायला हरकत नाही. कथा-कादंबरीत वर्षाचा एवढा बाऊ नको. माहितीच्या पुस्तकात मात्र वर्ष निर्णायक ठरतं. खगोलशास्त्राचं पुस्तक हातात आलं की सरळ शनीच्या चंद्रांचा आकडा बघावा. बासष्ट लिहिलं असेल तर मजकूर २०१९ च्या आधीचा. त्या वर्षी आकडा ब्याऐंशीवर गेला, २०२३ मध्ये त्याने एकशे चाळीस ओलांडले आणि मार्च २०२५ मध्ये तो दोनशे चौऱ्याहत्तर झाला. प्लूटो अजूनही नववा ग्रह असेल तर ते पुस्तक २००६ च्या अलीकडे कुणी तपासलेलंच नाही. डायनोसॉरच्या पुस्तकात एकाही डायनोसॉरच्या अंगावर पिसं दिसत नसतील, तर चित्रकाराने जुनीच चित्रं गिरवली आहेत. पिसांचे ठसे असलेले जीवाश्म १९९६ पासून सापडत आहेत.

शोधायची कुठे

पुरस्कारांच्या याद्यांपासून सुरुवात करायला हरकत नाही, पण पुरस्कार कशाला मिळतो ते आधी समजून घ्या. हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार १९५६ पासून दर दोन वर्षांनी दिला जातो, पण तो लेखकाच्या एकूण कामगिरीला. त्यातून नवं पुस्तक कळत नाही, नवा लेखक मात्र कळतो. न्यूबेरी पदक १९२२ पासून दर वर्षी एकेका पुस्तकाला मिळतं, पण अमेरिकेतल्याच लेखकांना. त्याच्या व्याख्येत चौदा वर्षांपर्यंतची मुलं येतात, त्यामुळे विजेतं पुस्तक आठ वर्षांच्या मुलाला झेपेलच असं नाही. कुमारांसाठीचं प्रिंट्झ पारितोषिक २००० साली सुरू झालं. म्युनिकचं आंतरराष्ट्रीय युवा ग्रंथालय दर वर्षी ‘व्हाइट रेव्हन्स’ नावाची यादी काढतं. जगभरच्या तीसहून अधिक भाषांतली सुमारे दोनशे नवी पुस्तकं तिच्यात असतात. एवढ्या भाषांतल्या नव्या पुस्तकांचा अंदाज एका जागी देणारी अशी यादी क्वचितच सापडते.

पण पुरस्कार मोठी माणसं देतात. मुलांनी हातोहात वाचलेली पुस्तकं वेगळीच असू शकतात. ती कळण्यासाठी वाचनालयात परत आलेल्या पुस्तकांची टोपली बघा. कडा मळलेल्या, पाठ सैल झालेली, पुन्हा पुन्हा चिकटवलेली पुस्तकं जे सांगतात ते परीक्षणात सापडत नाही.

ऑनलाइन विक्रीच्या पानावरचे तारे फारसे कामाचे नाहीत. पार्सल उशिरा आलं म्हणून एक तारा, भाच्याला भेट दिलं म्हणून पाच. तीन तारे देणाऱ्यांचे अभिप्राय मात्र वाचा. काय आवडलं आणि कुठे कंटाळा आला हे सहसा तेच लिहितात. मलपृष्ठावरचा मजकूर ही जाहिरात आहे हे ध्यानात असू द्या.

अलीकडे आणखी एक डोकेदुखी आहे: यंत्राकडून घाईघाईत लिहून घेतलेली मुलांची पुस्तकं. लेखकाच्या नावावर दोन महिन्यांत पंधरा पुस्तकं, चित्रकाराचं नाव नाही, प्रकाशकाचा पत्ता नाही. चित्रं बघा. नायिकेचा फ्रॉक तिसऱ्या पानावर ठिपक्यांचा आणि चौथ्यावर रेघांचा, हाताला सहा बोटं, कुत्र्याच्या कानांचा आकार दर पानाला वेगळा. मजकुरात घटना घडण्याऐवजी ‘मैत्रीचं महत्त्व’ समजावलेलं असतं. असं पुस्तक सरळ बाजूला ठेवा.

वाचल्याशिवाय सुचवू नका

चित्रपुस्तक उभ्या उभ्या वाचून होतं, त्याला सबब नाही. कादंबरी सुचवायची तर ती पूर्ण वाचलेली असावी. वेळच नसेल तर निदान पहिली वीस पानं, मधलं एक प्रकरण आणि शेवटची दहा पानं वाचा आणि सुचवताना तसं सांगा. शेवट वाचायचा कारण बरीच धक्कादायक वळणं तिथे असतात, आणि काही पुस्तकं उत्कंठेच्या टोकावर थांबून पुढच्या भागाकडे बोट दाखवतात. पुढचा भाग अजून आलेलाच नसेल तर वाचणारं मूल तुमच्यावर चिडणार. मालिकेतलं पुस्तक असेल तर पहिला भाग कोणता हे खात्रीने माहीत हवं. काही मालिकांत प्रकाशनाचा क्रम आणि कथेचा क्रम वेगळा असतो. अशा वेळी प्रकाशनाचा क्रम धरावा, कारण लेखकाने रहस्यं त्याच क्रमाने उलगडलेली असतात.

वाचून झालं की लगेच एक कार्ड लिहा. आठवड्याने नावं आणि घटना एकमेकांत मिसळतात. कार्ड एवढंच:

नायक/नायिका: मुलगी, १२, बहिणीबरोबर.
काय घडतं: बंद पडलेल्या दीपगृहात रोज रात्री दिवा कोण लावतं याचा शोध.
चाल: पहिली ३० पानं संथ, मग सुसाट. प्रकरणं ५-६ पानांची.
जपून: आजोबांचा मृत्यू, पान ८८. रडू येईल असा.
कुणाला: कोडी आवडणाऱ्यांना, भावंडांशी भांडणाऱ्यांना.
कुणाला नको: विनोदी हवं असेल त्यांना.

‘चाल’ आणि ‘कुणाला नको’ हे रकाने लोक गाळतात, आणि सुचवताना तेच कामाला येतात. पहिली तीस पानं संथ आहेत हे मुलाला आधी सांगितलं तर ते धीर धरतं. नाही सांगितलं तर पंधराव्या पानावर पुस्तक खाली ठेवतं.

‘जपून’ या रकान्यात मृत्यू, हिंसा, छळ, लैंगिक प्रसंग, स्वतःला इजा करणं, प्राण्याचा मृत्यू अशा गोष्टींची नोंद पानाच्या क्रमांकासह ठेवा. प्राण्याचा मृत्यू मुद्दाम सांगितला, कारण गोष्टीतला कुत्रा मेल्यावर जेवढी मुलं पुस्तक भिरकावतात तेवढी माणूस मेल्यावरही भिरकावत नाहीत. ही नोंद पुस्तक अडवण्यासाठी नाही. ज्या घरात नुकतंच कुणी गेलंय तिथे हे पुस्तक आज द्यायचं की सहा महिन्यांनी, हे घरच्यांना ठरवता यावं एवढ्यासाठी.

कार्डं पन्नास-साठ झाली की ती सगळी एकदा चाळून बघा. सगळे नायक मुलगेच आहेत का? सगळ्या गोष्टी शहरातल्या, सुस्थितीतल्या घरांतल्या आहेत का? कुणी चाकाच्या खुर्चीवर आहे का, आणि असेल तर तो फक्त कीव यावी म्हणूनच आहे का? अभ्यासक रूडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये पुस्तकांसाठी आरसा आणि खिडकी ही प्रतिमा वापरली: मुलाला पुस्तकात स्वतःचं जगणं दिसायला हवं आणि दुसऱ्याचंही. एखाद्या मुलाला आजवर नुसत्या खिडक्याच मिळाल्या असतील, तर तुमच्या गठ्ठ्यात त्याच्यासाठी आरसा आहे का ते तपासा.

सांगायचं कसं

एक पुस्तक देऊ नका, तीन ठेवा. एकच दिलं की तो गृहपाठ होतो. दहा ठेवली की मूल गोंधळतं. तिघांपैकी दोन त्याच्या सांगितलेल्या आवडीच्या जवळची आणि एक जरा लांबचं. माहितीचं पुस्तक, कॉमिक्स किंवा ग्राफिक कादंबरी तिघांत असली तर उत्तम. चित्रांतून गोष्ट वाचणं हे खरं वाचन नाही असं घरच्यांनी म्हटलं, तर त्यांना त्यातलं एक पान समजावून सांगायला लावा. दोन चौकटींच्या मधल्या रिकाम्या जागेत काय घडलं हे वाचणाऱ्यालाच जुळवावं लागतं.

प्रत्येक पुस्तकाला तीसेक सेकंद, त्याहून जास्त नाही. कथानक सांगत बसू नका, पेच सांगा आणि थांबा. ‘ही एका धाडसी मुलीची प्रेरणादायी कथा आहे, यातून तुला चिकाटी शिकायला मिळेल,’ असं म्हटलंत की पुस्तक गेलं. त्याऐवजी: ‘दीपगृह वीस वर्षं बंद आहे. किल्ली एकच, ती हिच्या आजोबांकडे. तरी रोज रात्री दिवा लागतो.’ मग पुस्तक टेबलावर ठेवा आणि हात काढून घ्या. मुलाला स्वतः उचलू द्या. ‘आवडलं नाही तर परत आण, पूर्ण वाचलंच पाहिजे असं नाही,’ हे स्पष्ट सांगा. सोडायची मुभा असली की मुलं सुरुवात करायला कचरत नाहीत.

कुमारांशी बोलताना एवढ्यावर भागत नाही. चौदा-पंधराच्या मुलाला चारचौघांत ‘हे तुझ्यासाठी’ म्हणून पुस्तक देणं म्हणजे त्याला अवघडून टाकणं, त्यातून विषय नैराश्याचा किंवा घरच्या भांडणांचा असेल तर विचारूच नका. अशी पुस्तकं इतर चार पुस्तकांत मिसळून कपाटात दर्शनी ठेवा आणि लांब जा. ‘तुला याची गरज आहे’ हा सूर चुकूनही लागू देऊ नका. त्याच्या मित्राने सांगितलेलं पुस्तक तुमच्या मते सुमार असलं तरी नाक मुरडू नका, स्वतः वाचा. त्यातलं काय त्यांना धरून ठेवतं ते कळलं की पुढचं सुचवणं सोपं होतं. या वयात पुष्कळ जण कुमार कादंबऱ्या ओलांडून थेट मोठ्यांच्या पुस्तकांकडे जातात. अशांसाठी मोठ्यांच्या पुस्तकांतली पाच-सात नावं तयार ठेवा, नाहीतर मुलांच्या विभागात घुटमळत ती वाचनच सोडतात.

पुस्तक परत आल्यावर

‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘छान’ एवढंच उत्तर येतं. ‘कुठपर्यंत पोचलास?’ विचारा. पान सांगितलं की कार्डावर पेन्सिलीने लिहा. तीन मुलांनी चाळीसाव्या पानाच्या आसपासच सोडलं, तर ते पान पुन्हा उघडा. तिथे बहुधा पाच पानांचं वर्णन असतं, एकदम आठ नवी पात्रं आलेली असतात किंवा काळ उलटसुलट झालेला असतो. पुढच्या मुलाला ‘चाळिसाव्या पानावर जरा गोंधळ आहे, तेवढा पार कर’ असं सांगता येतं.

पहिल्या तीनपैकी एकही लागू पडलं नाही तर पुन्हा मापाकडे जा, त्याच जातीचं चौथं पुस्तक काढू नका. आणि एखादं इतकं आवडलं की ‘असंच अजून द्या’ म्हणत मूल आलं, तर ‘असंच’ म्हणजे काय ते आधी विचारा. दीपगृहाच्या गोष्टीतलं कुणाला रहस्य हवं असतं, कुणाला समुद्र, कुणाला त्या दोन बहिणींची भांडणं. तिघांची पुढची पुस्तकं तीन वेगळ्या कपाटांतली असतात.